लानचा डबा

मोरेश्वर आगाशे कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात क्वालिटीचं काम बघतात. त्यामुळे सहलीत एका सकाळी, सायगॉनच्या हॉटेलात, आपल्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये उकडीचे मोदक शिजणार आहेत हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पण ह्याला परवानगी कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर मला कोणाला विचारावं लागत नाही."

त्यांच्या बायकोने, योगिनीने, तेवढ्यात कुकर उचलून स्नेहलताकाकूंच्या हातात दिला. "वाद नंतर घाला. वहिनींना उशीर होतोय."

आम्ही आयर्लंडमधली मराठी मंडळी. कोणी कॉर्कचे, कोणी एनिसचे, मी ॲथलोनची. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी म्हणालं, दरवर्षी सुट्टीत पुण्याला जाऊन नातेवाइकांची आजारपणंच ऐकायची का, एकदा दुसरीकडे जाऊ. त्यातून ही व्हिएतनामची सहल निघाली. मराठी माणूस सहलीला निघाला की बॅगेत कुकर, मेतकूट आणि संशय ह्या तीन गोष्टी बरोबर घेतो. मोरेश्वरांकडे तिन्ही होत्या.

स्नेहलताकाकूंच्या बॅगेत ह्याशिवाय एक प्लॅस्टिकचा डबा होता. लाल झाकणाचा, एका बाजूने जरा तडकलेला. तो रिकामा होता, आणि भरून परत करायचा होता. त्या सहलीला आल्याच होत्या त्यासाठी. देवळं, बाजार, बोटी हे सगळं बाकीच्यांसाठी.

काकूंची आणि माझी ओळख भांडणातली. एनिसच्या बाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचे पैसे बायकांना नीट मिळत नव्हते, आणि मी तेव्हा असली भांडणं शोधतच फिरायची. मी काही वकील नाही. ॲथलोनच्या लायब्ररीत बसून कामगार कायदा वाचला, आणि ज्या मॅनेजरने मला पहिल्यांदा "यू पीपल" म्हटलं त्याच्यावर वापरून पाहिला. लागू पडला. तर त्या नर्सिंग होमच्या बायकांना मी गावातल्या हॉलमध्ये बोलावलं. सगळ्या घाबरून गप्प. काकू मागच्या खुर्चीवर. मी तावातावाने विचारलं, "कोणाला काही बोलायचंय का?" काकूंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "मी साबुदाण्याची खिचडी आणलीय. आधी खाऊन घेऊ या का? उपाशीपोटी सगळे भितात."

मला राग आला होता. पण खाल्ल्यानंतर त्या बायका खरंच बोलायला लागल्या.

काकूंचे यजमान पद्माकरकाका शॅननला विमानांच्या सुट्या भागांच्या कंपनीत. वीस-एक वर्षांपूर्वी कुडाळहून आले ते इथलेच झाले. मुलगा अनीश, त्याला मराठीत विचारा, तो क्लेअरच्या, म्हणजे एनिसकडच्या, इंग्रजीत उत्तर देतो. तो शाळेत जायला लागल्यावर काकूंनी नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करण्याची नोकरी धरली. तिथे लान भेटली. सायगॉनची. दोघी एकाच पाळीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, आणि काकू म्हणायच्या, लान समोरच्या बाजूला असली की एक-दोन-तीन म्हणावं लागत नाही.

एका उन्हाळ्यात काकूंच्या सासूबाई, द्वारकाबाई, कुडाळहून एनिसला राहायला आल्या. येताना विळी आणली. विमानतळावर ती कशी सोडली हा प्रश्न मी अजून कस्टम्सला विचारणार आहे. रविवारी लान घरी यायची. द्वारकाबाईंना मालवणीशिवाय काही येत नव्हतं आणि लानचं इंग्रजी त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. दोघी मागच्या दारी पायरीवर बसायच्या. "हंयसर बस गो चेडवा," इथे बस गं पोरी, असं द्वारकाबाई म्हणायच्या, आणि लान बसायची. एक नारळ खवायची, दुसरी मोदकाला कळ्या पाडायची. लानने पहिल्याच दिवशी विळी पुढ्यात ओढून अख्खा नारळ खवून दिला, तेव्हा म्हातारी काकूंना म्हणाली होती, "ह्या चेडू आपलाच हा."

मग द्वारकाबाई कुडाळला परतल्या. त्या हिवाळ्यात लानने आपल्या नववर्षाला ह्या लाल झाकणाच्या डब्यातून मुगाच्या वड्या पाठवल्या. आणि त्याच आठवड्यात कुडाळहून फोन आला की द्वारकाबाई गेल्या.

आता, आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. हे मला सांगायला नको. पण सुतकात दुसऱ्याच्या घरी खाण्याचं पाठवत नाहीत. सुतक फिटलं तरी वर्षभर घरात सणाचं गोडधोड नाही. मी म्हटलं, "काकू, चिवडा भरून द्यायचात." तर म्हणाल्या, "गोड आलं होतं गं. गोडाच्या बदल्यात तिखट कसं देऊ?" डबा प्रेसमध्ये, म्हणजे आयर्लंडमधल्या लोकांच्या कपाटात, वरच्या फळीवर राहिला. वर्ष सरायच्या आत लानची आई सायगॉनमध्ये आजारी पडली आणि लान नोकरी सोडून गेली. जाताना काकूंचा निरोप घेतला नाही. त्याआधीही काही महिने ती काकूंशी कामापुरतंच बोलत होती. नंतर काकूंनी मेसेज केले, ते वाचले गेले, उत्तर नाही.

"डब्यावरूनच," काकू म्हणायच्या. "तिने दोनदा विचारलं होतं, माझा डबा? मी म्हटलं, देते, देते. तिला वाटलं असणार, हिने ठेवून घेतला."

"एका डब्यासाठी कोणी मैत्री तोडतं का?"

"तिच्या आईने दिलेला असेल तर? आपल्या आईच्या भांड्याला कोणी हात लावला तर तू काय करशील?"

 माझ्या आईचा तांब्या माझ्या भावाकडे आहे आणि आम्ही अजून बोलत नाही.

एका जुन्या सहकारिणीकडून काकूंनी लानचा पत्ता मिळवला होता. सोबत फोटो होता: एका गल्लीतलं घर, पुढे गाडा, त्यांच्या त्या प्रसिद्ध फो सूपचा नाही, दुसऱ्या कसल्यातरी नूडल्सचा. येतेय असं त्यांनी कळवलं नव्हतं. "नको ये म्हणाली तर?" त्या म्हणाल्या. "दारात गेल्यावर निदान दार तरी बंद करावं लागेल तिला. तेवढं तोंड दिसेल."

तर आदल्या दिवशी, बाकीचे पोस्ट ऑफिस आणि चर्च बघत असताना, आम्ही दोघी आणि योगिनी बाजारात. मला आधी वाटलं होतं, परदेशात उकडीचं साहित्य कुठे मिळणार. एनिसमध्ये काकू गोठवलेला खोबऱ्याचा कीस आणि पाकिटातली पिठी वापरतात आणि मोदक फुटले की आयर्लंडच्या हवेला शिव्या घालतात. इथे बाजाराच्या तोंडाशीच एक बाई मशीनवर नारळ खवून देत होती. ढीगभर, पांढरा, ओला. काकू तिथेच थांबल्या. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवतोय, पुढून भाजीची हातगाडी येतेय, आणि ह्या बाई चिमूटभर खोबरं तोंडात टाकून उभ्या.

"काकू, चला. चिरडतील."

"ओला आहे गं," त्या म्हणाल्या. एवढंच.

ताडगूळ मिळाला, केळीची पानं मिळाली. पिठी घेताना मात्र घोटाळा झाला. तिथे तांदळाच्या दोन पिठ्या असतात, एक साध्या तांदळाची, एक चिकट तांदळाची, आणि दोन्ही दिसायला अगदी सारख्या. आम्ही दुसरी आणली. सकाळी उकड काढली तर ती हाताला अशी चिकटली की योगिनी म्हणाली, "वहिनी, ह्याने वॉलपेपर लावता येईल." मी खाली धावले, कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी पिठी आणली. तोवर मोरेश्वर धुराच्या अलार्मला शॉवर कॅप बांधून खुर्चीवर उभे होते. मघाशी परवानगी विचारणारा माणूस!  

"हे बघा," ते वरूनच म्हणाले, "दुपारी बस मेकाँग नदीकडे निघणार. मी थांबवू शकणार नाही. ड्रायव्हर माझं ऐकत नाही."

"ड्रायव्हर शहाणा आहे," मी म्हणाले.

डब्यात मोदक बसवले, मध्ये केळीचं पान, वर झाकण, आणि तडकलेल्या बाजूला रबरबँड. निघताना योगिनीने काकूंच्या ओढणीला उगाच एक पिन लावून दिली. "भेटली की फोन करा हं," ती म्हणाली.

टॅक्सी गल्लीत शिरणार नाही म्हणून ॲपवरच्या मोटरसायकली बोलावल्या. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. परक्या माणसामागे मोटरसायकलवर बसायची त्यांची पहिलीच वेळ. त्या पोराने हिरवं हेल्मेट पुढे केलं. काकूंनी आधी डबा त्याच्या हातात दिला, अंबाडा सोडला, हेल्मेट घातलं, मग डबा परत घेतला आणि मांडीवर धरला. माझी मोटरसायकल मागे होती. सगळं शहर दोन्ही बाजूंनी वाहत होतं. फ्रिज घेऊन जाणारा एक, तीन शाळकरी पोरं घेऊन जाणारी एक, आणि मध्ये आमच्या काकू ताठ बसलेल्या. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने डब्याकडे बघून काहीतरी विचारलं. काकूंनी मराठीत सांगितलं, "मोदक." त्या बाईने मान डोलावली.

गल्ली एवढी अरुंद की दोन्हीकडच्या घरांतल्या बायका आपापल्या दारातून एकमेकींशी भांडू शकतील, मोठ्याने न बोलता. लान दिसली तेव्हा ती गाड्यामागे उभी राहून सूप वाढत होती. बारीक, केस पांढरे होत आलेले. तिने वर पाहिलं. काकूंना ओळखलं हे मला लगेच कळलं, कारण पळी हवेत थांबली. मग तिने पळी खाली नेली, गिऱ्हाइकाचा वाडगा भरला, वर कांद्याची पात टाकली, पैसे घेतले. आणि आम्हाला प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांकडे बोट दाखवलं. जसं कोणाही गिऱ्हाइकाला दाखवतात.

"बघ," काकू पुटपुटल्या. "रागच आहे."

आम्ही बसलो. काही न विचारता लानने दोन वाडगे आणून ठेवले. माझ्यात डुकराचं मांस होतं. मांसाला न शिवणाऱ्या काकूंच्या वाडग्यात नुसत्या भाज्या, आणि वेगळ्या पातेल्यातलं पाणी. मी बघितलं होतं. ते पातेलं तिने तेव्हाच चढवलं होतं.

मी काकूंना कोपर मारलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला आणि क्लेअरच्या इंग्रजीत, आधीच पाठ केलेलं, म्हणाल्या, "लान, तुझा डबा. फार उशीर झाला. मला माफ कर."

लानने डब्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. "कुठला डबा?"

"तुझा. वड्या पाठवलेल्यास. नववर्षाला."

"हा? असले डबे मी डझनाने घेते." लानचं इंग्रजीही काकूंइतकंच क्लेअरचं होतं. "तू ह्यासाठी आलीस? डबा द्यायला?"

"तू दोनदा मागितलास—"

"बोलायला काहीतरी हवं म्हणून मागितला! तू माझ्याशी बोलतच नव्हतीस." तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "आपण रोज एकत्र चहा प्यायचो. एक दिवस तू कप घेऊन गाडीत जाऊन बसलीस. दुसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, खोलीवर ये, तू म्हणालीस नको. मी विचार करत बसले, मी काय केलं? मग पाळ्या लावणाऱ्या नोरीनने सांगितलं, स्नेहाची सासू गेली. नोरीनने! ती जाते, जिने मला पायरीवर बसवलं, आणि तू नोरीनला सांगतेस, मला नाही."

"नोरीनकडून पाळी बदलून घ्यायची होती. म्हणून सांगावं लागलं."

"आणि मला?"

 वाडग्यातली वाफ काकूंच्या चष्म्यावर चढली होती, आणि त्या ती पुसतही नव्हत्या.

"तुझ्या खोलीत देव होते," त्या शेवटी म्हणाल्या. "खिडकीजवळ. रोज उदबत्ती लावायचीस. आमच्याकडे घरात कोणी गेलं की आम्ही काही दिवस देवाला शिवत नाही. दुसऱ्याच्या देवाला तर नाहीच. तुला सांगितलं असतं तर तू मला धरून बसली असतीस, मग खोलीवर नेलं असतंस. माझं सुतक तुझ्या देवांना लागलं असतं. मी तुझ्यापासून नाही गं, त्यांच्यापासून लांब राहिले. आणि सुतक फिटलं तेव्हा तूच कामापुरतं बोलायला लागली होतीस."

सोवळ्याओवळ्यावर मी सभा गाजवल्या आहेत. माझ्या जिभेवर पूर्ण भाषण तयार होतं, मुद्द्यांसकट. मी नूडल्स तोंडात कोंबल्या.

 लान खाली बसली, काकूंच्या समोरच्या स्टुलावर, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघे लागले.

"स्नेहा," ती म्हणाली, "ते देव नव्हते. ते माझे आजी-आजोबा. मेलेलीच माणसं ती. त्यांना कोणाच्या मरणाचं काय लागणार?"

काकूंनी चष्मा काढला.

"आमच्यात कोणी गेलं की पहिलं त्या घरी जातात," लान म्हणाली. "उदबत्ती घेऊन. मी आले असते. पाऊस असता तरी चालत आले असते. ती मला चेडवा म्हणायची. त्याचा अर्थसुद्धा मी कधी विचारला नाही, मला माहीतच होता."

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने बिल मागितलं. लानने त्याला आपल्या भाषेत काहीतरी सुनावलं. तो हसून आपणच गाड्याकडे गेला आणि गल्ल्यात पैसे ठेवून आला.

घराच्या आत, दारासमोरच, फळीवर तिचा देव्हारा होता. देव्हाराच म्हणते, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. संत्री, चहाचे छोटे पेले, राखेने भरलेलं भांडं, आणि फोटो. जुने आजी-आजोबा, आणि त्यांच्याशेजारी नवीन चौकटीत एक बाई, लानसारखीच हनुवटी. काकू उंबऱ्याशी थबकल्या. त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "आई?"

"तुझी सासू गेली त्याच्या पुढच्या वर्षी," लान म्हणाली.

"आणि तूही मला कळवलं नाहीस."

"नाही कळवलं," लान म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लानला हसूच आलं, नाक ओढत. "दोघी सारख्याच गाढव."

डबा उघडला. प्रवासात मोदकांची शेंडी जरा कलली होती. "गोडी कमी पडली असेल, ताडगूळ आहे, मला अंदाज नव्हता," काकू सुरू झाल्या. "आणि पिठी आधी भलतीच आणली होती, ती—" लानने त्यांना हाताने गप्प केलं. बशीत मोदक काढले, फळीवर ठेवले. मग म्हणाली, "फोटो आहे?"

काकूंनी फोन काढला. एनिसच्या मागच्या दाराची पायरी, डोक्यावरून पदर, विळीवर बसलेल्या द्वारकाबाई, आणि कोपऱ्यात लानचा नुसता खांदा. लानने फोन घेतला आणि आपल्या आईच्या चौकटीला टेकवून उभा केला. उदबत्त्या पेटवल्या. "नाव सांग. मला नावाने बोलवावं लागेल."

काकू घुटमळल्या. सासूचं नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं असेल असं मला वाटत नाही. "द्वारका," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

"द्वाका," लानने म्हटलं. डोळे मिटून ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. एकदा मध्येच "एनिस" ऐकू आलं. मग उदबत्त्या काकूंच्या हातात दिल्या. काकूंनी त्या राखेत रोवल्या आणि हात तसेच जोडून ठेवले.

माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर आले. मोरेश्वर. "बस दारात उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

"इथेच. निघा तुम्ही."

"निघा काय? बुकिंग आहे, बोट आहे—"

तिकडे फोन हिसकावल्याचा आवाज. योगिनी. "मुक्ता, भेटली का गं?"

"भेटली."

"बोलली?"

"बोलतायत."

 योगिनी तिकडे कोणाला तरी म्हणाली, "भेटली म्हणे," आणि बसमध्ये एकदम गलका झाला. सगळ्यांना ठाऊक होतं तर. मोरेश्वर परत फोनवर आले.  "उद्या सकाळी एक बस आहे. मी दोन जागा सांगून ठेवतो. वहिनींना म्हणावं, घाई करू नका."

मी परत आले तेव्हा दोघी जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकून, मोदकाची बशी मध्ये. लान एक मोदक तीळ-मिठात बुडवून खात होती आणि काकू ते बघवत नसल्यासारख्या बघत होत्या, पण काही म्हणत नव्हत्या.

"कशी गेली?" लानने विचारलं. "सगळं सांग. पहिल्यापासून."

चार वर्षांत हे काकूंना कोणी विचारलं नव्हतं. काका बोलत नाहीत, अनीशला कसं विचारायचं ते येत नाही, आणि मंडळाच्या लोकांनी "वय झालं होतं ना" म्हणून विषय संपवला होता. मीही.

मी बाहेरच्या स्टुलावर बसले. गाड्याशी एक गिऱ्हाईक आलं, त्याला मीच हाताने खूण केली, थोडं थांब. आतून काकूंचा आवाज येत होता, त्या घाईघाईच्या इंग्रजीत, मधूनच मालवणीत घसरणारा.

"सकाळी उठली तर बरी होती म्हणे. चहा मागितला. कोरा. मग म्हणाली, परसातल्या फणसाला पाणी घातलं का कोणी..."

"फणस केवढा होता?" लानने विचारलं.

"छोटा गं. एवढाच. तिनेच लावलेला."